सूनबाईंना एकटीनं भाजी आणू द्या

वाचकाचं पत्र : माझा मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षं जर्मनीत होता. तीन वर्षांपूर्वी तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. या फेब्रुवारीत दोघं कायमची बडोद्याला आली. मुलगा सावली रस्त्यावरच्या एका कंपनीत आहे, सकाळी साडेसातला जातो तो रात्री आठला येतो. सून तिकडे बालवाडीत शिकवायची, इथे घरीच असते. पहिले दोन-तीन महिने फार छान गेले. आता ती दिवसदिवस खोलीतून बाहेर येत नाही. रात्री आमच्याबरोबर जेवत नाही, पाव आणि काकडी घेऊन वर जाते. गौरी-गणपतीत घर भरलेलं असताना ती दार लावून रडत होती, लोकांना काय सांगायचं तेच मला कळेना. आम्ही तिला काही म्हणजे काही कमी पडू देत नाही. पाणीसुद्धा हातात देतो. कुठे जायचं तर गाडी, ड्रायव्हर, नाहीतर मी स्वतः सोबत. मीही ३६ वर्षांपूर्वी साताऱ्याहून या परक्या गावात आलेच होते, मला एक अक्षर गुजराती येत नव्हतं. मी नाही का रुळले? आमचं कुठे चुकतंय?
– एक सासू, कारेलीबाग

वहिनी, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलं आहे : पाणीसुद्धा हातात देतो. तेहेतीस-चौतीस वर्षांची, स्वतः कमावणारी, परक्यांची वीस-वीस पोरं सांभाळणारी बाई. तिला आठ महिने पाणी हातात मिळतंय, तिनं करावं असं काही उरलेलंच नाही. तिला कमी पडतंय ते हेच.

साताऱ्याचं आधी बोलू, कारण ते तुमच्या मनात घट्ट बसलेलं दिसतं. तुम्ही आलात ते बडोद्यात, पण उतरलात मराठी घरात. सासू मराठी, जाऊ मराठी, दळणवाला सोडला तर आळीतही मराठी. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात आपली माणसं इथे आली आणि दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागात त्यांनी असं गाव वसवलं की नव्या नवरीला गुजराती आल्यावाचून अडू नये. हळदीकुंकवाला गेलात की दहा बायका तुमच्या भाषेत तुमच्या सासूची निंदा करायला तयार. हे सुख लहान नव्हतं. शिवाय सातारा एका रात्रीच्या प्रवासावर होता आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची सोय होती. तुमच्या सुनेला यातलं काय आहे? घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, कामवालीशी हिंदी, आणि तिच्या भाषेत बोलणारा एकच माणूस, तो रात्री आठला दमून येतो. तेव्हा ‘मी नाही का रुळले’ हे वाक्य तिच्यासमोर तर नकोच, मनातल्या मनातही नको.

आता, ती आत्ताच का कोलमडली? तुम्हाला वाटतंय पहिले तीन महिने बरी होती म्हणजे मधे काहीतरी घडलं, कुणीतरी काहीतरी बोललं. तसं काही घडायची गरज नसते. नॉर्वेच्या स्वेर्रे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञानं १९५५ साली, अमेरिकेत शिकून-राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास मांडला होता. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाच्या पुढे राहिलेले बरे होते. सहा ते अठरा महिने राहिलेले सगळ्यात बेचैन. पुढे इतर अभ्यासकांना हा आलेख सगळीकडे इतका सरळ सापडला नाही, त्यामुळे अठरावा महिना उजाडला की सून हसत खाली येईल असं धरून बसू नका. पण नव्या देशात आधी बरं वाटणं आणि मग खचणं हे इतक्या जणांचं होतं की त्यात तुमच्या घराचा अपमान शोधू नये. फेब्रुवारीत आली तेव्हा बडोदं म्हणजे मोगरा, कमाटीबाग आणि पाहुणचार. मग ४२-४३ अंशांचा मे, मग ओली भिंत आणि बुरशी लागलेले चामड्याचे बूट, आणि त्यानंतर एकदम कळतं की हे सुट्टीतलं गाव नाही, परतीचं तिकीट काढलेलंच नाही.

गौरी-गणपतीचं मला नवल वाटलं नाही. खरं सांगा, त्या दिवशी येणारी मंडळी गौरी बघायला आली होती की सून? पहिल्या वर्षी जर्मन सून म्हणजे आरासच. ‘मराठी येतं का’, ‘वरणभात आवडतो का’, ‘गोड बातमी कधी’, आणि हे सगळं तिच्याकडे बघत पण तुम्हाला विचारायचं. दुपारी दोनच्या पंगतीपर्यंत माणूस सहन करतो, मग दार लावतो. यावर उपाय तुमच्याच हातात आहे आणि तो अगदी सोपा आहे. पुढच्या वेळी कुणी विचारलं की तुम्ही म्हणा, “तिलाच विचारा की, तिला इंग्रजी येतं.” निम्म्या बायका तिथेच गप्प होतील. मुलाबाळांचा प्रश्न आला तर “आमच्याकडे तो विषय मुलांचा मुलं बघतात” एवढं बोलून चहा पुढे करा. हे वाक्य एकदा सासूच्या तोंडून गेलं की नात्यात वीज पडल्यासारखं पसरतं, पुन्हा सांगावं लागत नाही. आणि दार. तिचं दार वाजवून, ती ‘या’ म्हणाल्यावरच उघडायचं, कामवालीनंसुद्धा. मला माहीत आहे, आपल्याकडे दिवसा लावलेलं दार म्हणजे रुसवा. तिच्याकडे लावलेलं दार म्हणजे नुसतं लावलेलं दार.

पाव-काकडीचंही तसंच. कितीतरी जर्मन घरांत गरम जेवण दुपारी, आणि रात्री पाव, चीज, लोणी, काकडी-टोमॅटो असा थंड फराळ असतो. तिथली पोरं त्यावरच वाढलेली असतात. तिनं तुमच्या गरम पोळीला नाकारलेलं नाही, तिला रात्री साडेनऊला पोटभर जेववत नाही इतकंच. ती वर घेऊन जाते कारण खाली बसली की कुणीतरी ताटात भाजी वाढतंच. तिला खाली तिचा पाव खाऊ द्या आणि वाढायला जाऊ नका. जमलं तर ओट्याचा एक कोपरा आणि एक ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, तिला द्या. आपल्याकडचा गोडसर पाव त्यांना केकसारखा लागतो. त्यांचा काळा आंबट पाव राय नावाच्या धान्याच्या पिठाचा असतो, ते पीठ ऑनलाइन मिळतं. आंबवण रोज जपावं लागतं, त्यात अर्धा तास जातो, घराला वास सुटतो. तो वास तुम्हाला विचित्र वाटेल. असू द्या. आपल्या बोंबिलाबद्दल, नाहीतर हिंगाच्या फोडणीबद्दल, तीही काही बोललेली नाही.

आता मुख्य गोष्ट. ड्रायव्हर बंद करा. म्हणजे कामावरून काढू नका हो. तिच्या मागे लावणं बंद करा. ज्या माणसाला गावात एकट्यानं कुठेही जाता येत नाही त्याला ते गाव कधीच आपलं होत नाही. तिला खंडेराव मार्केटला पाठवा. १९०६ सालची ती इमारत, पुढे महानगरपालिकेची कचेरी आणि मागे भाजी-फुलांचा बाजार, हे तिला आठ महिन्यांत गाडीच्या काचेतून दिसलं असेल. आत जाऊन पावशेर मेथी घ्यायची म्हणजे काय ते वेगळंच. भाजीवाल्या मासी, म्हणजे मावशी, पहिल्या दिवशी तिच्याकडून दुप्पट भाव घेतील, हे धरून चला. घेऊ द्या. तुम्ही ‘किती दिलेस’ विचारून कपाळाला हात लावू नका. चौथ्या-पाचव्या वेळी तीच मासी तिला लांबून हाक मारेल, हिरव्या लसणीची जुडी पुढे करेल, आणि तराजू उतरल्यावर पिशवीत कोथिंबीर आणि चार मिरच्या फुकट कोंबेल. ती कोथिंबीर घेऊन एखादी परकी बाई घरी येते तेव्हा तिचा चेहरा बघा. नात्यातल्या कुणाच्या ओळखीशिवाय तिनं स्वतः कमावलेलं गावातलं ते पहिलं माणूस असतं.

त्यासाठी एक अडचण आधी दूर करावी लागेल, आणि माझा अंदाज आहे की तुमच्या घरात ती कुणाला दिसलेलीच नाही. तिच्याकडे स्वतःचे पैसे कसे असतात? आज नारळपाण्याच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकतो. तिचं इथल्या बँकेत खातं नसेल, मोबाइलचं सिम नवऱ्याच्या नावावर असेल, तर यूपीआय नाही. मग पाचशेची नोट घेऊन उभी राहते आणि गाडीवाला ‘छुट्टा नथी’ म्हणतो. आठ महिने प्रत्येक गोष्टीला नवऱ्याकडे नाहीतर सासूकडे बघायचं, हे जी मुलगी पंधरा वर्षं स्वतःच्या पगारावर राहिली तिला किती लागत असेल! पॅन कार्ड परदेशी नागरिकालाही काढता येतं. खातं तिच्या नावावर, सिम तिच्या नावावर. हे काम मुलानं या महिन्यात करायचं.

आणि मुलानं करायचं त्याहून मोठं काम ओसीआयचं, म्हणजे परदेशी माणसाला इथे दीर्घकाळ राहू देणाऱ्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाचं. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला, लग्न रीतसर नोंदलेलं असेल आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. तुम्ही लिहिता लग्नाला तीन वर्षं झाली. म्हणजे सून इथे पाऊल ठेवायच्या आधीच अर्ज करता आला असता! आता ती एंट्री व्हिसावर असेल; १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसाची असते तशी परदेशी नागरिकांच्या कचेरीतली, म्हणजे एफआरआरओची, नोंदणी झाली असेल. नसेल तर हे वाक्य वाचून संपायच्या आत मुलाला फोन लावा. नोंदणी ऑनलाइन होते, अहमदाबादला हेलपाटे घालायची गरज सहसा पडत नाही. जर्मनीतल्या लग्नाच्या दाखल्यावर तिथलं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, आहे का ते पाहा. अर्ज बहुधा त्याच कागदापाशी अडतो. कार्ड हाती आलं की दर वेळी व्हिसा वाढवणं नाही, नोंदणी नाही, आणि शाळेत नोकरी करायची झाली तर बहुतेक कामांना वेगळी परवानगी नाही. तोवर मात्र एखादी बालवाडी ‘या हो, नुसत्या बसा मुलांत’ म्हणाली तरी आधी व्हिसावरच्या अटी वाचा आणि एफआरआरओला विचारा. बिनपगारी कामही काही वेळा अटीत अडकतं. तिच्या आईवडिलांना ‘भारतीय झाली तर आमचा पासपोर्ट जाईल’ अशी धास्ती असेल तर तीही काढा. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, आणि जर्मन पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये राहतो.

नोकरी लागेपर्यंत रोज जायला एक जागा हवी. मी सेंट्रल लायब्ररी सुचवेन. बडोद्याच्या या ग्रंथालयाची मांडणी सयाजीरावांनी एका अमेरिकनाकडून करून घेतली होती, विल्यम बोर्डेन. १९१० मध्ये आला, १९१३ पर्यंत राहिला, आणि गावोगाव वाचनालयांचं जाळं विणायचा पाया घालून गेला. परदेशी माणूस या गावात आला की त्याला सोफ्यावर बसवून ठेवायची रीत आपली नव्हती. त्याला काम दिलं जायचं. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेच्या फरशांची आहे, खालपर्यंत उजेड झिरपावा म्हणून. पहिल्यांदा त्यावर पाय ठेवताना सगळेच थबकतात. ते बघायला म्हणून जाऊ दे, मग सभासद होऊ दे. नाहीतर कमाटीबागेत सकाळी साडेसहाला चालणारे गट, नाहीतर विद्यापीठाच्या बाजूला फतेहगंज, तिथे कॉफीच्या टपऱ्यांवर विद्यार्थी असतात, इंग्रजीत गप्पा मारणारी माणसं भेटतात आणि कुणी तिला ‘अमक्यांची सून’ म्हणून ओळखत नाही. विद्यापीठात जर्मन शिकणारी मुलं आहेत. त्यांना बोलायचा सराव हवा असतो, तिला बोलायला माणूस हवं. हे तुम्ही ठरवून देऊ नका, फक्त कानावर घाला.

भाषेबद्दल घरात वाद असणार. तुम्ही मराठीचा आग्रह धरला असेल, मुलगा म्हणत असेल हिंदी शीक म्हणजे देशभर चालेल. माझं मत विचाराल तर आधी गुजराती. आकडे, भाज्या, डावं-उजवं, आणि ‘ना, एटला नहीं’. रिक्षावाला, भाजीवाली, वॉचमन, सोसायटीतल्या बायका, तिची सगळी सकाळ गुजरातीत असणार आहे. मराठी घरात वाहतीच आहे, ती कानावरून येईल, जर तुम्ही तिच्याशी मराठीत बोलून लगेच इंग्रजीत उलथवलं नाहीत तर. श्रीअरविंद १८९३ मध्ये चौदा वर्षं इंग्लंडात काढून बडोद्याला आले, स्वतःची बंगालीसुद्धा त्यांना धड येत नव्हती. इथे तेरा वर्षांत बंगाली, संस्कृत, मराठी, गुजराती सगळं शिकले. सुनेला तेरा वर्षं आहेत. श्रावणापर्यंत आरती पाठ व्हायची घाई नाही.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या सुनेचं ज्या माणसाशी लग्न झालं तो माणूस जर्मनीतच राहिला, असं मला पत्र वाचताना सारखं वाटलं. तिथे तो पाचला घरी यायचा. भांडी घासायचा, कपडे मशीनला लावायचा, रविवारी दोघं मिळून स्वयंपाक करायची. तिथे घर चालायचं तर हे करावंच लागतं. इथे तो उंबरठ्यात आला आणि परत ‘बाळ’ झाला. जेवलेलं ताट तिथेच ठेवून उठतो ना? आणि ते तुम्ही उचलता. तिनं ते पाहिलंय. बडोद्याची उष्णता, गर्दी, भोंगे यांची तयारी करून ती आली असेल. नवरा बदलेल याची तयारी कुणी करत नाही. त्यालाही सोपं नाही, मला कळतं. बारा तास कारखाना, आईसमोर बायकोची बाजू घेतली तर ‘बदलला’, नाही घेतली तर बायको रडते. म्हणून यात पहिलं पाऊल तुम्हीच टाकू शकता : ताट त्याला उचलू द्या. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ ती दोघं घराबाहेर जेवतील, तुम्ही सोबत येणार नाही, कारण विचारणार नाही, आणि ती आल्यावर ‘काय खाल्लंत’ एवढंच विचाराल. तिला जेवणाबरोबर बीअरची सवय असेल. आपल्या राज्यात दारूबंदी आहे, पण परदेशी नागरिकांना परमिट मिळू शकतं. मुलानं ते रीतसर काढावं. ओळखीच्या माणसाकडून आणलेली बाटली नको, पकडली गेली तर परदेशी पासपोर्टवाल्या माणसाला ती फार महाग पडते.

एका गोष्टीत मात्र धीर धरू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ ती धड झोपत नसेल किंवा सारखी झोपत असेल, खाणं तुटलं असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर हे रुळण्याच्या पलीकडचं असू शकतं. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. पण रडणं माणसाला स्वतःच्या भाषेतच नीट सांगता येतं. जर्मनीतल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलायची सोय तिला करून घेऊ दे, आणि त्या तासाला वरच्या मजल्यावर कुणी जायचं नाही.

नवरात्र तोंडावर आहे. मोठ्या मैदानातल्या गरब्याचे पास काढले असतील तर एखाद-दुसरी रात्र न्या, ते हजारो माणसांचं रिंगण बघण्यासारखं आहेच. पण तिला नाचायचं असेल तर सोसायटीतला गरबा बरा. तिथे लहान पोरी असतात, त्या तिचा हात धरून दोन ताळी शिकवतील. बालवाडीच्या बाईंना पोरांची भीती वाटत नसते. चनियाचोळी तिनं मागितली तर घेऊन द्या.

ताजा कलममध्ये तुम्ही विचारलंय की तिच्या आईला डिसेंबरात बोलावलं तर सून आणखी हळवी होईल का. होईल, आई गेल्यावर आठवडाभर होईल. तरी बोलवा. उत्तरायणपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, ठेवून घ्या. गच्चीवर सगळं गाव असतं आणि १४ जानेवारीला बडोद्यात कुणालाही परकं वाटायला वेळ मिळत नाही. त्यांना ई-टुरिस्ट व्हिसा पुरेल. मात्र परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत त्याची खबर यजमानानं ऑनलाइन द्यायची असते, आपण ज्याला सी फॉर्म म्हणतो तो. हॉटेलांनाच लागतो असं समजून पुष्कळ घरं विसरतात. त्यांची खोली सुनेच्या मजल्यावर ठेवा, प्यायला उकळलेलं पाणी खोलीतच भरून ठेवा, आणि पहिले दोन दिवस कुणाही नातेवाईकाला चहाला बोलावू नका.